राणी न झालेली

कुवेतमधल्या मराठी घरांत कुणाच्या मुलीचं लग्न अडलं, की गाडी फिरून फिरून एकाच नावाशी यायची. लीना खानविलकर. जहऱ्याच्या सरकारी हॉस्पिटलात डायलिसिसच्या वॉर्डात ती सिस्टर होती, पण वॉर्डाबाहेर तिची ओळख जोड्या जुळवणारी बाई अशीच. मुलगा कुठे कामाला आहे, सासूचा स्वभाव कसा, धाकट्या नणंदेचं काय चाललंय, सगळं तिच्या जिभेवर. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये ती खुर्ची पकडून बसली, की आया आपल्या मुलींना काहीतरी निमित्त काढून तिच्यासमोरून फिरवायच्या. आणि खोटं कशाला बोला, तिनं जुळवलेली लग्नं टिकलीही.

तिच्या स्वतःच्या घरात मात्र ही कला उलटी चालली, आणि ती तिनं जाणूनबुजून चालवली.

लीना मूळची चिपळूणची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, घरात सगळ्या मुलीच. रत्नागिरीला नर्सिंग केलं आणि ऐन पंचविशीत कुवेतला आली. पुढे लग्न झाल्यावर नवऱ्यालाही तिनंच आणलं. रामभाऊ शांत माणूस, एका कोल्ड स्टोरेजमध्ये स्टोअरकीपर. घरात बोलायचं लीनानं आणि मान डोलवायची रामभाऊंनी, असा न ठरवता ठरलेला कायदा होता. अब्बासियात दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यातली एक सुरुवातीला दुसऱ्या कुटुंबाला दिलेली. सुयोग झाला तेव्हा तिची ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. पोराला सांभाळणार कोण? आठ महिन्यांचा असताना तिनं त्याला चिपळूणला थोरल्या बहिणीकडे ठेवलं. वर्षभराचा तर प्रश्न, असं म्हणता म्हणता चार वर्षं गेली.

परत आणायला गेली तेव्हा सुयोग मावशीच्या पदराआड लपला. मावशीलाच तो आई म्हणत होता. "आई, ही बाई कधी जाणार?" असं त्यानं तिला हळूच विचारलं. लीनानं ते ऐकलं आणि हसून साजरं केलं. पण विमानात पोरगं रडून रडून झोपलं तेव्हा तिनं मनाशी गाठ मारली. आता हा माझ्या हातून पुन्हा सुटायचा नाही.

सुयोग मोठा झाला तो अब्बासियातल्या बहुतेक पोरांसारखाच. आईबाप मराठीत बोलत, तो इंग्रजीत उत्तर देई. डॉक्टर व्हायचं होतं, पण इंडियात सरकारी सीट मिळण्याइतके मार्क पडले नाहीत. तेव्हा ओळखीतल्या चार मुलांसारखा तोही जॉर्जियाला, तिबिलिसीला मेडिकलला गेला. लीनाला ते सोयीचंच वाटलं. कुवेतहून सरळ विमान, इथला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, असला की व्हिसाची कटकट नाही, मनात येईल तेव्हा उठून जाता येईल.

ती उठून गेली ती तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत, रामभाऊंना घेऊन. विमानतळावर सुयोगच्या शेजारी एक उंच, काळ्याभोर केसांची मुलगी उभी होती. "ही केतेवान," सुयोग म्हणाला. "मी जिच्या घरी खोली घेतलीय ना, त्या बाईंची भाची. केतो म्हणतात तिला." इतिहास शिकलेली होती आणि आखातातून येणाऱ्या पाहुण्यांना गाइड म्हणून फिरवत होती. तिनं वाकून दोघांना नमस्कार केला. सुयोगनंच शिकवला असणार.

"आमच्या भाषेत आईला 'देदा' म्हणतात आणि वडिलांना 'मामा'," ती हसत म्हणाली. रामभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढचे आठ दिवस ती त्यांना मामाच म्हणत होती. लीनाला मात्र ती मराठीत 'आई' म्हणाली. लीनाला ते गोडही वाटलं आणि काट्यासारखं टोचलंही.

दोन दिवसांनी केतोनं त्यांना आपल्या गावी नेलं. गावाचं नाव वेलिस्त्सिखे. रामभाऊंना ते शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. डोंगर उतरून गेलं की खाली द्राक्षांचे मळेच मळे, आणि पलीकडे बर्फानं पांढरी झालेली कॉकेशसची रांग. केतोच्या वडिलांचं घर मळ्यातच होतं, तळघरात जमिनीत पुरलेले वाईनचे मोठमोठे रांजण. टेबलावर एवढं अन्न मांडलं होतं की ताटलीवर ताटली चढली होती. केतोचे वडील दर थोड्या वेळानं उभे राहत, ग्लास उचलत आणि कुणाच्या ना कुणाच्या नावानं बोलत. पाहुण्यांच्या नावानं, मेलेल्यांच्या नावानं, न जन्मलेल्या पोरांच्या नावानं. लीना पाणीच पीत होती. रामभाऊंनी दोन ग्लास घेतले आणि तिच्याकडे बघायचं टाळलं.

एकदा वडिलांनी ग्लास उचलून बराच वेळ काही सांगितलं. केतोनं इंग्रजीत समजावलं, "ते म्हणतात, हा आमच्या गावच्या एका बाईसाठी. आठशे वर्षांपूर्वीची. आमच्याकडे बाग्रातिओनी म्हणून राजघराणं होतं. हजार वर्षं टिकलं. ते स्वतःला बायबलमधल्या दाविद राजाचे वंशज म्हणवत. त्यातली सगळ्यात मोठी राणी तामार. तिचा मुलगा गिओर्गी, सगळे त्याला लाशा म्हणायचे. तरुण, हट्टी, दरबारातल्या म्हाताऱ्यांचं न ऐकणारा. तो आमच्या गावी आला आणि इथली एक बाई त्याच्या मनात भरली. तिला तो घेऊन गेला. तिच्यापासून मुलगा झाला, त्याचं नाव दाविद ठेवलं."

"मग लग्न?" लीनानं विचारलं.

"लग्न कसलं! ती साध्या घरची. शिवाय तिला आधीचा नवरा होता, असं बखरीत लिहिलंय. धर्मगुरू आणि सरदार एक झाले. म्हणाले, ही राणी होऊ शकत नाही. तिला त्याच्यापासून काढून घेतलं आणि परत पाठवलं. मग म्हणाले, आता चांगल्या घराण्यातली मुलगी कर. तेव्हा लाशा म्हणाला, दुसरी करणार नाही. आणि त्यानं केली नाही. तसाच मेला, मंगोलांशी लढताना झालेल्या जखमेनं."

"त्या बाईचं नाव काय?" रामभाऊंनी विचारलं.

"कुणी लिहिलंच नाही, मामा. राजांची, सरदारांची, सगळ्यांची नावं आहेत. तिचं नाही."

लीना मराठीत म्हणाली, "पण त्या लोकांचं चुकलं कुठे? राजाला घराणं सांभाळावं लागतं." सुयोगनं हे भाषांतर करून सांगितलं नाही. केतोला मराठी फारशी येत नव्हती, पण लीनाचा आवाज तिला कळला असावा. तिनं नुसतं लीनाकडे पाहिलं आणि अक्रोडांची ताटली पुढे सरकवली.

परतीच्या विमानात रामभाऊ एवढंच बोलले, "पोरगी चांगली आहे."

"चांगल्या मुली ढिगानं आहेत," लीना म्हणाली.

सुयोग डॉक्टर झाला, इंटर्नशिप आणि पुढची वर्षं संपवून कुवेतला आला आणि फरवानियाच्या एका खासगी दवाखान्यात लागला. मुलगा परत घरात आला, त्याच अब्बासियाच्या फ्लॅटमध्ये. लीनाला वाटलं, देवानं ऐकलं. पण महिन्याभरात सुयोगनं जेवता जेवता सांगितलं, "आय वॉन्ट टू मॅरी केतो." ती टुरिस्ट व्हिसावर दोन आठवडे येणार होती. तो विचारत नव्हता, सांगत होता.

लीनानं आदळआपट केली नाही. माणसं कुठे नरम असतात आणि कुठे ताठ, हे कळणं हाच तर तिचा हातखंडा. तिनं केतोला घरात घेतलं, पिठलं-भाकरी शिकवली, मंडळाच्या कार्यक्रमाला आपली साडी नेसवून नेली. केतो रुळत चालली होती. खालच्या वाण्याशी, बकालेवाल्याशी, ती मोडक्या अरबीत भाव करायची, आणि रामभाऊ कौतुकानं बघत राहायचे.

एका संध्याकाळी रामभाऊंनीच विषय काढला. "त्या लाशाच्या मुलाचं पुढे काय झालं गं?"

केतो भाकरी थापत होती. "लाशानं मरताना मुलाला बहिणीच्या हाती दिलं. रुसुदान तिचं नाव. हा मोठा झाला की ह्याला गादी दे, असं सांगून. रुसुदान स्वतः राणी झाली. मग तिला तिचा मुलगा झाला. तोही दाविदच. भावाच्या पोराला तिनं लांब सुलतानाच्या दरबारी पाठवून दिलं. तिथे तो कित्येक वर्षं कैदेत होता. सगळ्यांना वाटलं, मेला. पण तो परत आला. एका गादीवर दोन दाविद बसले, आणि शेवटी राज्याचे दोन तुकडे झाले."

"म्हणजे घराणं राखायला म्हणून बाईला घालवलं," रामभाऊ म्हणाले, "आणि घराणं त्यातूनच फुटलं. आपल्या बाजीरावाच्या घरी तरी काय वेगळं झालं?"

लीना उठून गॅस बंद करायला गेली.

पुढच्या शुक्रवारी ती केतोला घेऊन रुमैथियाला नूरबानूकडे गेली. नूरबानू श्रीवर्धनची, लीनाच्याच वॉर्डात टेक्निशियन, जुनी मैत्रीण. चहापाणी झालं. परतताना लीनानं गाडी समुद्राच्या रस्त्याला घेतली आणि कडेला थांबवली. उन्हं कलली होती. पोरं सायकली चालवत होती.

"केतो," ती म्हणाली, "सुयोगला तुला सांगवत नाही, म्हणून मी सांगते. पुण्याची एक मुलगी आहे. डॉक्टर. त्यानं होकार दिलाय."

अशी कुठलीच मुलगी नव्हती.

केतो पाण्याकडे बघत राहिली. लीना पुढे बोलली, आणि हे वाक्य तिनं आदल्या दिवशीच तयार करून ठेवलं होतं. "तू त्याला विचारलंस तर तो नाहीच म्हणेल. तुझं मन मोडायला त्याला जमायचं नाही. त्याच्यावर तशी वेळ आणू नकोस."

केतो म्हणाली, "तुम्ही त्याच्या आई आहात. तुम्ही खोटं कशाला बोलाल?"

लीनाला ते विश्वासाचं वाक्य वाटलं.

केतोनं वडील आजारी असल्याचं सांगून तिकीट अलीकडे घेतलं आणि ती गेली. सुयोग तिला फोन लावत राहिला. मग लीनानं दुसरं खोटं पेरलं. "तिनं मला सांगितलं, गाव सोडून राहणं तिला जमायचं नाही. तुला तोंडावर सांगायचा धीर झाला नाही तिला." सुयोगनं विश्वास ठेवला नाही. अखेर एकदा केतोनं फोन उचलला. "तुझ्या आईनं सांगितलं ते खरं आहे," एवढं बोलून तिनं ठेवला. ते एकच वाक्य दोन्ही खोट्यांना बेतून शिवल्यासारखं बसलं.

सुयोग चिडला नाही, हेच वाईट झालं. चिडला असता तर भांडण झालं असतं, भांडणातून काहीतरी बाहेर पडलं असतं. तो दवाखान्यात जायचा, यायचा, पगार घरात द्यायचा, बाबांना चालायला घेऊन जायचा. लीनानं मुली दाखवायला सुरुवात केली. नाशिकची, ठाण्याची, दुबईत वाढलेली. त्यानं एकीचाही फोटो बाजूला सारला नाही, नीट बघितला, परत दिला. शेवटी एकदा शांतपणे म्हणाला, "आई, तू सांगशील ते करीन. लग्न सोडून."

तिला वेलिस्त्सिखेचं टेबल आणि लाशाचं बोलणं आठवलं. तिनं वॉर्डात जाऊन बीपी मोजून घेतलं. नॉर्मल होतं.

असं वर्ष गेलं, दुसरंही गेलं. मंडळात आता बायका तिला विचारू लागल्या, "लीनाताई, दुनियेची लग्नं लावलीत, सुयोगचं काय?" ती हसून म्हणायची, "नशिबात असेल तेव्हा." हसू रोज थोडं जड व्हायचं.

मग चिपळूणची थोरली बहीण गेली. सुयोग लीनाला घेऊन मिळेल त्या विमानानं गेला. मावशीला मूलबाळ नव्हतं, तेव्हा अग्नी त्यानंच दिला. तेराव्यानंतर मायलेक मावशीच्या अंगणात बसले होते. सुयोग आपल्या मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "आई, तू न्यायला आलीस तेव्हा मावशीनं मला लगेच दिलं. मी तिला आई म्हणत होतो, तरी दिलं. माझी पिशवीसुद्धा तिनंच भरली होती. किती जड गेलं असेल गं तिला."

तो लीनाला टोचायला बोलला नव्हता. त्याला काहीच माहीत नव्हतं. लीनानं हातातला कप खाली ठेवला. तिच्या बहिणीनं आपलं नसलेलं पोर सोडून दिलं होतं. आणि तिला आपलंच पोर, तेही घोडनवरा झालेलं, मुठीतून सोडवत नव्हतं.

कुवेतला परतल्यावर तिनं नूरबानूला सगळं सांगितलं. नूरबानूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी माझ्या घरचा चहा पिऊन तिला तिथं नेलंस? अगो, मला तिचा चेहरा अजून आठवतो. जाताना माझ्या हाताची पापी घेतली होती तिनं." आणि पुढे म्हणाली, "आता रडतेस कशाला? फोन कर. खोटं बोलायला जीभ वळली, खरं बोलायलाही वळेल."

नंबर जुनाच होता. लीनानं ड्युटी संपल्यावर हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तो लावला. दोनदा लावून तोडला. तिसऱ्यांदा केतोनं उचलला. व्हिडिओमध्ये तिच्या मागे द्राक्षांच्या वेली होत्या आणि माणसं टोपल्या भरत होती. तोडणीचे दिवस होते.

"लीना मॅडम," ती म्हणाली. आई नाही म्हणाली.

लीना पाठ केलेलं सगळं विसरली. "मी खोटं बोलले होते," ती म्हणाली. "पुण्याची मुलगी नव्हती. कुणीच नव्हती. तो अजून तसाच आहे."

केतो वेलींपासून लांब, एका भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. "मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "सुयोगला खोटं बोलता येत नाही. दुसरीला हो म्हणून तो माझ्यासमोर बसला असता, तर त्याचे कानसुद्धा लाल झालेले दिसले असते."

"मग गेलीस कशाला?" लीना जवळजवळ ओरडलीच. "त्याला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय? तो तुमच्याशी भांडला असता. मी जिंकले असते. आणि मग जन्मभर तुमच्या माझ्या मधे उभा राहिला असता तो. मी त्या रात्री खूप विचार केला. आमच्या गोष्टीत राजानं काय म्हटलं ते सगळ्यांना माहीत आहे, सरदारांनी काय म्हटलं तेही. त्या बाईला कुणी विचारलं नाही, तुला राहायचंय की जायचंय. मी निदान स्वतः ठरवलं. बरोबर ठरवलं की चूक, मला आजही कळत नाही."

"अजून वेळ गेली नाही. मी त्याला सगळं सांगते, तो येईल..."

"मॅडम," केतो म्हणाली, आणि फोन थोडा खाली केला. तिचं पोट दिसलं. सातवा महिना असावा. "मागच्या हिवाळ्यात लग्न झालं माझं. शेजारच्या गावात शाळामास्तर आहे. माणूस चांगला आहे." मागून तिला कुणीतरी हाक मारली. ती तिकडे काहीतरी ओरडली आणि परत वळली. "मामांना माझा नमस्कार सांगा. आणि क्षमा माझ्याकडे मागू नका. ज्याचं घेतलंत त्याच्याकडे मागा."

लीना किती तरी वेळ गाडीत बसून राहिली. शेजारच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा तिला कळलं, आपली गाडी वाटेत तिरकी उभी आहे.

त्याच संध्याकाळी तिनं सुयोगला सांगितलं. रामभाऊ समोरच होते. तिनं काही लपवलं नाही, समुद्राकाठी तयार करून नेलेलं वाक्यसुद्धा जसंच्या तसं सांगितलं. रामभाऊंनी आधी मान खाली घातली, मग तोंड भिंतीकडे फिरवलं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याकडे पाठ केली ती त्याच दिवशी.

सुयोग ऐकत होता. त्यानं विचारलं, "आज ती काय म्हणाली? सगळं सांग. शब्द न् शब्द."

लीनानं सांगितलं. द्राक्षाच्या टोपल्या, भिंत, पोट, शाळामास्तर. तो मधेच थांबवून विचारायचा, "म्हणजे नक्की कसं म्हणाली?" आणि ती परत सांगायची. सांगताना ती रडत होती, पण त्यानं तिला गप्प हो म्हटलं नाही आणि जवळही घेतलं नाही. सगळं संपल्यावर तो उठला, तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "तू मला विचारलं असतंस ना आई, की मला सोडून जाशील का? तर मी नाही म्हटलं असतं. दोघींना घेऊन राहिलो असतो मी."

महिन्याअखेर तो मंगफला दोन मित्रांबरोबर राहायला गेला. भांडून नाही. कपाट रिकामं केलं, बाबांच्या गोळ्यांचा डबा भरून ठेवला आणि गेला. रामभाऊ शुक्रवारी बसनं त्याला भेटायला जाऊ लागले. लीनाला त्यांनी ये म्हटलं नाही, तिनंही विचारलं नाही. घरी आल्यावर ते सांगायचे, दाढी वाढवलीय, किंवा, तब्येत बरी आहे. तेवढंच.

मंडळात बायका मुलींचे फोटो घेऊन येत राहिल्या. लीना म्हणायची, "आता नाही हो जमत मला." एकीनं फारच आग्रह धरला तेव्हा तिनं विचारलं, "मुलीला विचारलंत का, तिच्या मनात कोण आहे?" त्या बाईला राग आला. पुढे फारसं कुणी आलं नाही.

जानेवारीत केतोला मुलगी झाल्याचं रामभाऊंकडून कळलं. सुयोगनं त्यांना सांगितलं होतं, म्हणजे ती दोघं बोलत असावीत, किंवा नसावीतही, कुणाकडून तरी कळलं असेल. लीनानं विचारायचं धाडस केलं नाही. तिनं छोटी झबली विकत आणली, दोन दिवस पिशवी टेबलावर ठेवली, आणि मग वॉर्डातल्या एका बाळंत झालेल्या सफाईवालीला देऊन टाकली.

होळीच्या सुमाराला सुयोग पहिल्यांदा जेवायला आला. बाबांच्या शेजारी बसला, क्रिकेटवर बोलला. लीनानं पुरणपोळी वाढली तशी मुकाट्यानं खाल्ली, दुसरी मागितली नाही. निघताना दारात चपला घालत म्हणाला, "येतो." ती दाराची कडी धरून उभी राहिली. कधी येशील, हा प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आला होता. तिनं तो विचारला नाही.